खाऱ्या पाण्याची उकळी

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, तेव्हा वर्षं मोजत बसायला कोणाला वेळ नव्हता.

एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला मिठाचे वाफे. मधून एक नाला. नाल्याच्या तोंडाशी खाडीचा मातीचा बांध, आणि त्या बांधात एक लाकडी झडप. या झडपेला गावात उघाडी म्हणत. भरतीला ती उघडली की खाडीचं पाणी मिठाच्या वाफ्यांत जाई. ओहोटीला उघडली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जाई. आणि ती लावायची विसरली, तर सरळ समुद्रच शेतात.

उघाडीच्या शेजारी दोन माणसं राबत. एकाचं भाताचं शेत, दुसऱ्याचे मिठाचे वाफे. त्यांची खरी नावं गाव विसरून गेलं होतं. भातवाल्याला सगळे फोडणी म्हणत, कारण तो सारखा तडतडे. बैल हळू चालला तरी ओरडे, पटकन चालला तरी ओरडे. मीठवाल्याला म्हणत निवांत. डोक्यावर नारळ पडला असता तरी त्याने आधी नारळ उचलून बघितला असता, फुटलाय का.

अशा दोन माणसांचं कसं जमायचं? पण जमत होतं. दुपारी दोघं बांधावर बसून एकत्र जेवत. फोडणीची बायको वारली होती, त्याला भात रांधता येई पण कालवण येत नसे. निवांतची बायको पोवळी सुकटीचं कालवण दोघांपुरतं पाठवी. फोडणी जेवता जेवता जगाला शिव्या घाली आणि निवांत मान हलवी. वीस वर्षं असं चाललं होतं.

मग एका आश्विनात काय झालं ते ऐका.

पाऊस संपला होता. भात पिवळं पडायला लागलं होतं, आठ-दहा दिवसांत कापणी. निवांतने वर्षाचं पहिलं पाणी वाफ्यात घ्यायला भरतीला उघाडी उघडली. पाणी आत आलं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरायला लागलं. वर्षातलं पहिलं पाणी फिरताना बघणं हे मीठवाल्याला फार गोड वाटतं. निवांत त्या पाण्यामागून चालत गेला, इथे माती लाव, तिथे फट बुजव, असं करता करता लांबच्या वाफ्यापर्यंत पोहोचला आणि तिथून परस्पर घरी गेला. उघाडी लावायची राहिली.

दुसऱ्या दिवशी मोठं उधाण होतं. पाणी नाला भरून वर चढलं आणि फोडणीच्या शेतात शिरलं. उतरलं तेव्हा पिवळं भात चिखलात आडवं झालं होतं.

फोडणी तसाच ओला, गुडघाभर चिखलात, बांधावर आला. निवांत वाफ्यात होता. फोडणीने सगळं गाव गोळा होईल एवढ्या आवाजात आरोळी ठोकली.

"अरे ए मिठाच्या पोत्या! उघाडी तू उघडी टाकलीस!"

आता इथे निवांतने खरं सांगायला पाहिजे होतं. सांगणारही होता तो. पण आजूबाजूला बायामाणसं जमलेली, फोडणीचा तोंडाचा पट्टा चाललेला, आणि निवांतच्या तोंडून निघून गेलं, "मी लावली होती."

एवढंच. तीन शब्द. माणूस घाबरला की पहिल्यांदा जे बाहेर पडतं ते नेहमी खरं असतं असं नाही.

"लावली होतीस? मग काय खेकड्यांनी उघडली?"

"तूच उघडली असशील. शेतातलं पाणी काढायला."

"कापणीच्या तोंडावर? सुकल्या शेतातलं कसलं पाणी काढू रे मी?"

म्हणणं फोडणीचं बरोबर होतं. पण तो एवढा ओरडत होता की ते बरोबर आहे हे कोणाच्या कानातच शिरलं नाही. लोक म्हणाले, "बघा, कसा उसळतोय! खऱ्या माणसाला एवढं उसळायची गरज काय?"

प्रकरण गावाच्या थोरलेबाबांकडे गेलं.

त्या गावात न्यायाची एक जुनी रीत होती. भांडण साक्षीपुराव्याने सुटलं नाही, तर माघाच्या पुनवेला सकाळी देवळासमोर दोन तोंडांची चूल मांडायची. दोघांनी आपापल्या कष्टाचं पाणी आणायचं. शेतकऱ्याने शेतातल्या विहिरीचं, माळ्याने पाटाचं, मीठवाल्याने ज्या वाफ्यात पीक हाताशी आलंय त्या वाफ्याचं. एकाच कुंभाराची सारखी दोन मडकी, एकाच मापाने भरायची, दोन्हीखाली लाकडं मोजून सारखी. आणि दोघांनी आपापल्या मडक्यासमोर बसायचं. ज्याचं पाणी आधी उकळेल तो खोटा. कारण खोटं माणसाला आतून पोळतं, आणि ती धग त्याच्या पाण्याला लागते, असं गाव मानत होतं.

खोटा ठरला त्याने संध्याकाळच्या आत, हातात मावेल तेवढं घेऊन, खाडीपलीकडे जायचं. परत यायचं नाही.

मधले चार महिने वाईट गेले. फोडणीने दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली. दुपारी तो बांधाच्या एका टोकाला बसे, निवांत दुसऱ्या टोकाला. पोवळी कालवण अजूनही दोघांपुरतं करी. निवांत म्हणाला, "त्याला नको पाठवू, तो फेकून देईल." पोवळीने पाठवलं. फोडणीने भांडं घेऊन आलेल्या बाईला पोटभर शिव्या घातल्या आणि भांडं चाटूनपुसून परत पाठवलं.

निवांत मात्र रोज थोडा वाळत चालला होता. बाहेरून तोच, शांत. ताटावर बसे, भात चिवडे, उठे.

"अहो, काय होतंय तुम्हाला?" पोवळी विचारी.

"काही नाही. पुनवेला पाणी काय ते सांगेल."

त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की पाणी आपल्याला धरणार. आपण सांगायचं नाही, पाण्याने सांगावं. भित्रा माणूस असाच विचार करतो.

माघाची पुनव आली. सकाळी सगळं गाव देवळासमोर जमलं. चूल पेटली. फोडणीने आपल्या विहिरीचं पाणी ओतलं, ओततानाही आजूबाजूच्या दोघांशी भांडला. निवांतने शेवटच्या वाफ्यातलं पाणी ओतलं. मीठ धरायला आलेलं, जड, दाट पाणी ते. दोघं समोर बसले. थोरलेबाबा मधे.

थोड्या वेळाने फोडणीच्या मडक्याच्या तळाला बुडबुडे धरले. मग मडकं गुणगुणायला लागलं. निवांत स्वतःच्या मडक्याकडे डोळे लावून बसला होता, आता उकळेल, आता उकळेल. आणि फोडणीचं पाणी खळखळा उकळलं. निवांतच्या पाण्यावर नुसती वाफ होती. एक विडा लावून खाऊन होईल एवढा वेळ गेला, तेव्हा कुठे ते उकळलं.

"झालं," थोरलेबाबा म्हणाले. "भातवाला खोटा."

लोकांनी माना हलवल्या. आम्हाला ठाऊकच होतं, म्हणाले.

आता गंमत बघा माणसाच्या मनाची. निवांतला उघाडी उघडल्याचं आठवत होतं, न लावल्याचंही आठवत होतं. पण आपलं पाणी आधी उकळलं नाही म्हटल्यावर त्याला वाटायला लागलं, मी लावली असेन का? लावलीच असेन. देवासमोरचं पाणी चुकेल का? मलाच नीट आठवत नसेल. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने मोठा श्वास घेतला.

गावाला वाटलं, आता फोडणी देऊळ डोक्यावर घेणार. पण तो ओरडला नाही. उठला, धोतराची माती झटकली. निवांतसमोर आला आणि हळू आवाजात म्हणाला,

"उघाडीची खालची फळी कुजत आलीय. पावसाच्या आत बदल. दर वर्षी मीच बदलत होतो, तुला माहीत नसेल. आणि माझी म्हैस तुझ्याकडे ठेव. डाव्या बाजूने दूध काढ, उजवीकडून लाथ मारते."

एवढं बोलून तो घराकडे वळला.

फोडणीला हळू बोलताना कोणीच कधी ऐकलं नव्हतं. निवांतचा मोठा घेतलेला श्वास तिथेच अडकला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पोवळी पुढे आली.

"भावोजी, थांबा. बाबा, मला एक विचारायचंय."

"न्याय झाला, पोरी."

"झाला तर झाला. दोन मडकी आणखी मांडायला काय जातंय? पाणी तेच. फक्त माणसांनी जागा बदलायच्या. भावोजी आमच्या पाण्यापुढे बसतील, हे त्यांच्या पाण्यापुढे."

"असं कधी कोणी केलं नाही," एक म्हातारा म्हणाला.

"म्हणूनच विचारतेय," पोवळी म्हणाली. "खोट्याची धग पाण्याला लागते ना? मग भावोजी खोटे असतील तर आता आमचं पाणी आधी उकळेल. न्याय पक्का होईल. तुमचंच म्हणणं पक्कं करतेय मी."

थोरलेबाबांनी दाढी खाजवली. बोलणं कुठे चुकतंय ते त्यांना सापडेना. मांडा म्हणाले.

कुंभाराने दोन नवी मडकी दिली. लाकडं मोजून घातली. फोडणी खाऱ्या पाण्यापुढे बसला, निवांत विहिरीच्या पाण्यापुढे. सगळं गाव श्वास धरून उभं.

विहिरीचं पाणी आधी उकळलं. निवांतच्या नाकासमोर, खळखळा.

"म्हणजे मघाशी हा खोटा, आणि आता तो खोटा?" थोरलेबाबा चिडले. "काय चाललंय हे?"

"आता दोघांनाही उठवा," पोवळी म्हणाली. "एका मडक्यापुढे दगड ठेवा आणि दुसऱ्यापुढे केरसुणी."

कोणीतरी फिसकन हसलं. पण थोरलेबाबांनी खरंच दगड आणि केरसुणी मागवली. तिसऱ्यांदा मडकी चढली. विहिरीच्या पाण्यापुढे दगड होता. ते आधी उकळलं.

"दगड खोटा!" मागून एक पोरगी ओरडली, आणि सगळं गाव हसलं. थोरलेबाबा हसले नाहीत.

पोवळीने उजवा हात पुढे केला. मनगटावर भाजल्याचा पांढरा डाग होता.

"ढगाळ दिवसांत मीठ सुकत नाही, तेव्हा मी वाफ्याचं पाणी घरी कढईत आटवते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, पाणी म्हणजे पाणी. माहेरी उकळत्या पाण्याचा शिंतोडा उडाला तर फुंकर घालून भागायचं. इथे उडाला तो हा. महिनाभर हात चालत नव्हता. तेव्हा कळलं. साधं पाणी उकळलं की झालं, त्याच्याखाली रान जाळा, ते आणखी तापत नाही, वाफ होऊन निघून जातं. मीठ पोटात घेतलेलं पाणी तेवढ्या जाळाला उकळत नाही. त्याला जास्त लागतं. ते गप बसतं आणि तापत राहतं. तुम्हाला वाटतं गार आहे. आत बोट घालून बघा म्हणजे कळेल, दोघांत जास्त कोण तापलंय ते."

थोरलेबाबांनी खाऱ्या पाण्याच्या उरलेल्या घड्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. मग विहिरीचं चाखलं.

"माझ्या आज्याच्या वेळेपासून ही चूल मांडतात," ते म्हणाले. "खाडीपलीकडे किती माणसं गेली. शेतकरी गेले, माळी गेला, एक सुतार गेला. मीठवाला एक तरी गेला का रे?"

सगळे आठवत होते. एकही गेला नव्हता.

"मग इतकी वर्षं आपण काय पारखत होतो?"

"मीठ, बाबा," पोवळी म्हणाली.

ती नवऱ्याकडे वळली. तुम्ही खोटे आहात असं ती म्हणाली नाही, एवढं लक्षात घ्या. ती म्हणाली, "अहो, पाण्याला काही ठाऊक नाही. आता तुम्हीच काय ते सांगा."

निवांत उभा राहिला. आता आडोसा घ्यायला मडकंही नव्हतं.

"उघाडी मी उघडली," तो म्हणाला. "पहिलं पाणी फिरताना बघत गेलो आणि लावायची विसरलो. चुकलो ते तिथे नाही, विसरतो माणूस. चुकलो ते नंतर. याने विचारलं तेव्हा खोटं बोललो. आणि मघाशी हा म्हैस माझ्या हवाली करून निघाला, तरी मी गप होतो."

तो रडायला लागला. शांत माणसाचं रडणं बघवत नाही, लोकांनी नजरा वळवल्या.

थोरलेबाबा म्हणाले, "रीत आहे ती आहे. खोटं बोलला त्याने संध्याकाळच्या आत—"

"कुठे पाठवताय त्याला?" फोडणी असा कडाडला की मडक्यापुढची केरसुणी पडली. आवाज परत आला होता. "खाडीपलीकडे? वा! तो तिकडे जाऊन निवांत बसणार आणि इथे मी एकटा? माझ्या शेतात मीठ बसलंय ते कोण काढणार, तुम्ही? तुम्हाला तर मीठ कुठे असतं तेही आज कळलं! आणि मी भांडायचं कोणाशी? या गावात दुसरं कोण माझं ऐकून घेतं? दुसरा कोणी असता तर वीस वर्षांत माझा खून झाला असता!"

"पण त्याने तुला देशोधडीला लावलं असतं," कोणी म्हणालं.

"लावलं असतं ना? माझं मी बघतो! त्याला मी सोडणार आहे का? जन्मभर बोलून दाखवणार आहे!" आणि निवांतकडे वळून, "रडतोस काय मिठाच्या पोत्या? आधीच सगळं खारट करून ठेवलंयस!"

थोरलेबाबांनी त्या दिवशी दुसरा न्याय केला. शेतात शिरलेलं मीठ निवांतने काढून द्यायचं, आणि शेत भात देईपर्यंत स्वतःच्या मिठातला अर्धा वाटा फोडणीच्या घरी पोचवायचा.

शेतातलं मीठ काढायला एकच उपाय. पावसाळ्यात शेताला उंच बांध घालायचा, पावसाचं गोडं पाणी कोंडून ठेवायचं, मीठ त्यात विरघळलं की ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं. मग पुन्हा कोंडायचं. निवांत दोन पावसाळे हेच करत होता. चिखलात कंबरेपर्यंत. फोडणी बांधावर उभा राहून, चुकतंय, चुकतंय, म्हणून ओरडत होता, आणि मधेच स्वतः उतरून फावडं मारत होता. पहिल्या वर्षी नुसतं गवत आलं. दुसऱ्या वर्षी भात आलं पण पोचट. तिसऱ्या वर्षी भरलं.

देवळासमोरची चूल थोरलेबाबांनी स्वतःच्या हाताने फोडली. मग होडी घेऊन ते खाडीपलीकडे गेले. घालवून दिलेल्या माणसांच्या दारोदार हिंडले. काही मेली होती. काहींनी दार उघडलं नाही. तिघं परत आली, त्यात तो सुतार होता. थोरलेबाबांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो त्यांना उठवायला वाकला.

त्यानंतर त्या गावात भांडणं झालीच. गाव म्हटलं की होणार. पण कोण किती ओरडतो आणि कोण किती गप आहे, यावर पुन्हा कोणाचा न्याय झाला नाही. दोघांनाही बसवून, वेळ लागला तरी, नीट विचारत.

पोरांनो आणि थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: चटकन उकळतो तो खोटाच असतो असं नाही, आणि शांत बसलेल्याच्या पोटात काय विरघळलंय ते चाखल्याशिवाय त्याला खरा म्हणू नये.